घसरली की ब्रेक!

"गाडी घसरली की ब्रेक! बस. काहून, ते इचारायचं नाई."

हा आमच्या घरातला नियम. मोठेबाबांचा, म्हणजे माझ्या बाबांच्या मोठ्या भावाचा. गाडीही त्यांचीच, त्यामुळे नियम जास्तच पक्का! जुनी कार. ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएस नाही, घसरताना सावरून घेणारं कुठलंही इलेक्ट्रॉनिक्स नाही. मला नेमकी तीच रेसिंग ट्रॅकवर न्यायची होती.

त्यासाठी आधी घसरलेली गाडी सावरायला शिकायला हवं. आम्ही तिघं जमलो: मी, मोठेबाबांचा निखिल आणि माझी मैत्रीण पल्लवी. जागा बार्शीटाकळीजवळच्या बंद जिनिंगचं, म्हणजे कापसाच्या कारखान्याचं, सिमेंटचं आवार. गुरू अकोल्याचे गॅरेजवाले शकीलभाई. टायर जेवढे झिजले, तेवढे किस्से साचत गेले. आता टायर बदललेत, किस्से तेच आहेत!

* * *

शकीलभाईंचा पहिला धडा: "नजर जिधर, गाडी उधर."

एवढ्या मोठ्या आवारात एकच वस्तू होती, गंजलेला लोखंडी ड्रम. निखिलनं दहा मिनिटांत तो आडवा केला.

"अबे, पूर्ण मैदान मोकळं असून तुले ड्रमच भेटला?" मी ओरडले.

"त्याले धडकू नाई म्हणून त्याच्याकडंच पाहून राहिलो होतो ना!"

* * *

पल्लवी एकदा तिच्या पप्पांची नवी कार घेऊन आली. प्रत्येक वळण लोण्यासारखं! खाली उतरून आमच्याकडे बघत म्हणाली, "पाहा, शिका काही."

शकीलभाईंनी खिडकीतून हात घातला, सावरून घेणारं इलेक्ट्रॉनिक्स बंद करायचं बटण जरा वेळ दाबून धरलं आणि म्हणाले, "अब चला."

त्याच वळणावर गाडी दोनदा गरागरा फिरली आणि उलट्या दिशेला तोंड करून थांबली. पल्लवीनं काच खाली केली. चेहरा पांढराफटक.

"भाई, मंग आतापर्यंत कोण चालवून राहिलं होतं?"

* * *

आमची जुनी गाडी कोरड्या सिमेंटवर फारशी घसरेना, म्हणून पावसात आम्ही अंजनगावला पल्लवीच्या शेतात गेलो. वऱ्हाडात राहून काळ्या मातीचा स्वभाव विसरलो! गाडी वीस फूट गेली. माती चाकांना अशी चिकटली, की चाकं दिसेनात. घसरणं राहिलं बाजूला, गाडी हलेचना.

ट्रॅक्टरवाले दादा आले. गाडीभोवती एक फेरी मारली, साखळी बांधली आणि शांतपणे विचारलं, "ताई, गाडी चालवून राहिल्या का पेरून राहिल्या?"

* * *

चिखलाला पर्याय निखिलनं काढला. त्याच्या मामाचं वरूडला संत्र्यांचं पॅकिंग आहे. तिथून तो सडकी संत्री पोत्यांनी घेऊन आला. जिनिंगच्या वळणावर ती पसरली आणि वरून गाडी फिरवली. काय घसरण! बर्फ झक मारेल.

शकीलभाई खूश. "पीछा घसरा तो ब्रेक नहीं. जिधर पीछा जाए, स्टिअरिंग उधर. और पैर हलकासा गॅसपे."

मी दिवसभर गरगर फिरले. संध्याकाळी एकदाची गाडी सरळ निघाली. घरी आले तर गाडीमागे माश्यांची वरात. शेजारच्या काकूंनी नाकाला पदर लावला.

"कावो, ज्यूस सेंटर काढलं का?"

* * *

मोठेबाबांना मी हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली. नकारार्थी.

"तीस वर्षं गाडी चालवून राहिलो मी."

"आणि मागे एकदा गाडी नाल्यात कशी गेली?" मी विचारलं. "तुम्ही ब्रेक गच्च दाबला, चाकं जाम झाली, स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळली नाही. सरळ नाल्यात!"

मोठेबाबा जराही हलले नाहीत.

"ब्रेक मारला म्हणून नाल्यातच थांबली. नाईतं पलीकडं गेली असती!"

* * *

ट्रॅकवर जायचा दिवस आठवड्यावर आला. मोठेबाबांनी अट घातली. "मी बाजूले बसतो, तुहा बाप मागं. मी ब्रेक म्हटलं का ब्रेक. ऐकलं तं चावी तुही. नाईतं गाडी घरी."

जिनिंगच्या आवारात गेलो. संत्र्यांचा ताजा चिखल पसरलेला. मी वेग घेतला, वळणात शिरले आणि मागची चाकं सुटली.

"ब्रेक मार!" मोठेबाबा.

"अवं ब्रेक! ब्रेक मार माय!" मागून बाबा.

"नाही मारत!"

गाडीचा मागचा भाग जिकडं, तिकडंच स्टिअरिंग फिरवलं, गॅसवरचा पाय तसाच ठेवला. खिडकीत जिनिंगची भिंत आली, तिच्यामागून ड्रम आला, मग समोर मोकळं आवार आलं. गाडी सरळ.

आवाराच्या टोकाला जाऊन थांबवली.  मी चावी काढली आणि माझ्या खिशात टाकली. कुणी परत मागितली नाही.

मोठेबाबांचा उजवा पाय मात्र अजून त्यांच्या पुढ्यातलं पायपुसणं गच्च दाबून होता.