अक्काचा मंगळवार-शुक्रवारचा वर्ग

मी माझ्या बहिणीशी ती जाईपर्यंत खोटं बोललो.

आज तेरावा. दुपारी अक्काची गंधमुक्ती झाली. पाहुणे आपापल्या गाडीला लागले. घरात कोणाला सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

अक्का माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. सरकारी नर्स. नोकरीची बरीच वर्षं शहादा तालुक्यातल्या उपकेंद्रांत गेली. गावोगावच्या बाया तिला सिस्टर म्हणायच्या.

रिटायर झाली त्याच वर्षी ओसरीत पाय घसरला. हात टेकला आणि मनगट मोडलं. तपासणीत निघालं, हाडं पार ठिसूळ झाली आहेत.

ती प्लास्टरकडे बघून हसली.

"जलमभर बायासले कॅल्शियमन्या गोया वाट्यात, बापू. सोता एक खादी नही."

लहानपणी आमच्या घरचं दूध डेअरीला जायचं. उरेल ते आम्हा भावांना. अक्का कोरा चहा प्यायची. तिला तोच आवडतो, असं आम्ही धरून चाललो होतो.

प्लास्टर निघालं तशी ती माझ्या कॉलेजात आली. मी तिथे शिकवतो, मुलींच्या उपक्रमांचं कामही माझ्याकडेच आहे.

म्हणाली, हाडांत जे साठवायचं ते तिशीच्या आत. नंतर फक्त सांभाळायचं. मला आठवड्यातून दोन सकाळी दे.

मंगळवार आणि शुक्रवार. साडेसात. ग्राउंडवर.

दोरीच्या उड्या, जिने चढणं-उतरणं. मग खाण्याविषयी बोलणं. दूध, दही, तीळ, नागलीची भाकर, शेवग्याचा पाला.

मुली स्कूटीवर यायच्या त्या डोळे सोडून सगळं झाकून. हातमोज्यांसकट.

"ए, डाकू शे का तू? तोंड दखाड. जरासं ऊन लागू दे हाडकासले."

पोरी खिदळायच्या. त्यातल्या एकीचं नावच डाकू पडलं.

मी हजेरी घेऊन कडेला उभा असायचो, तर मलाही सोडायची नाही. "बापू, तू बी मार उड्या. तुन्हं पोट देख."

दिवाळीनंतर ती अंगणात पडली. वाळलेले कपडे काढत होती, फक्त पाय वळला. खुबा मोडला. नंदुरबारला ऑपरेशन झालं.

आत नेताना म्हणाली, "वर्ग बंद पाडू नको."

मी म्हणालो, "तू उठेपर्यंत मी घेतो."

दोन आठवडे घेतला.

मग एका मुलीचे वडील आले. आमच्याच भावकीतले.

"सर, पोरले दखाले पाव्हना येनार शेतस. उनमां कुदी कुदी काळी पडी गई ती. हाऊ इषय परीक्षाले शे का?"

"नाही."

"मंग?"

त्या "मंग"ला माझ्याकडे उत्तर होतं. ते घरी पलंगावर झोपलेलं होतं. चला, माझ्या बहिणीला भेटा, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

मी म्हणालो, "बघतो."

मला वाद जमत नाही. कधीच जमला नाही. शुक्रवारी बोर्डावर लिहिलं, वर्ग पुढील सूचनेपर्यंत बंद.

पुढची सूचना मी लिहिलीच नाही.

त्या संध्याकाळी अक्काने विचारलं, "आज कितल्या पोरी उन्यात?"

"बावीस."

तिला बरं वाटलेलं चेहऱ्यावर दिसलं. मग दर मंगळवारी, दर शुक्रवारी सांगत गेलो. कधी वीस, कधी चोवीस.

ती पडल्या पडल्या पुढचे पाठ सांगायची. "वही आन. लिख. उड्या झाल्यात. आते त्यासले वजन उचलाले शिकाड. पानीन्या बाटल्या भरीसन."

मी समोर बसून लिहून घ्यायचो.

जानेवारीत कधीतरी तिने आकडा विचारणं सोडलं. "चालू शे ना?" एवढंच. मी हो म्हणायचो. वाटलं, थकली असेल.

मार्चमध्ये छातीत कफ झाला. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला होतो तसा. चार दिवसांत गेली.

आज डाकू आली होती, आईबरोबर. जाताना बाजूला येऊन म्हणाली, "सर, सिस्टरनी मला जानेवारीत फोन केला होता. वर्गाला किती जणी येता विचारलं."

"मग?"

"मी म्हटलं, आठ-नऊ जणी येतो. आजारी माणसाला बंद आहे कसं सांगणार, सर? तुम्हीपण चालूच सांगत असाल, असं वाटलं."

हो. पण मी बावीस सांगत होतो.

अक्काने आयुष्यभर लसीकरणाची रजिस्टरं ठेवली. दोन आकडे जुळत नाहीत म्हणजे काम फक्त कागदावर आहे, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

तिला कळलं होतं. जानेवारीतच.

मला एका शब्दाने बोलली नाही. त्या पोरीलाही नाही. उलट त्यानंतरही दोन महिने मला "लिख" म्हणत राहिली. आज वही काढून बघितली. जानेवारीनंतरची सोळा पानं भरली आहेत.

वर्गच नाही हे माहीत असलेलं माणूस सोळा पानं कशासाठी सांगेल?

मी लाजेकाजे तरी पुन्हा सुरू करीन, म्हणून. दुसरं कारण मला सापडत नाही. आणि मी नुसता पान उलटून पुढे लिहीत होतो.

ही तुकडी आता परीक्षा देऊन पांगेल. एकीचं लग्न ठरलंय. ज्या वयात त्यांना सांगायचं होतं, त्या वयातले हे महिने माझ्या "बघतो"मध्ये गेले.

अक्का, वर्ग बंद होता. मी बंद केला. एका माणसाला उत्तर द्यायला घाबरलो.

हे तुझ्या पलंगाशी बसून सांगायला हवं होतं. तू वाट बघत होतीस.

नमस्कार करतो.

तुझा बापू