निळं बटण आणि गल्लीचं पाणी

एका मंगळवारी आमच्या गल्लीतल्या पाच घरांना पाणी मिळालं नाही. त्यात पाणी सोडणाऱ्याचा काही दोष नव्हता. दोष माझा होता.

सुरुवात आदल्या दिवशी दुपारी झाली. माझी सून दीपा मुलीला बालवाडीतून आणायला गेली होती आणि मी तिच्या कॉम्प्युटरवर कुस्ती बघत होते. (मी चौथी शिकलेय, पण कुस्ती कुठं लागते ते मला बरोबर सापडतं.) ऐन डाव टाकायच्या वेळी पडद्याच्या खाली एक चौकोन उगवला. वर इंग्रजी अक्षरं, खाली दोन बटणं आणि मागं पैलवानाचे पाय झाकलेले! पाय दिसल्याशिवाय कुस्ती कसली? मी निळं बटण दाबलं. पडदा काळा झाला, पांढरा झाला, पुन्हा काळा झाला. मी भिंतीवरचा खटका बंद केला, पडद्यावर विणलेलं कव्हर घातलं आणि लसूण सोलायला बसले. कुणाला काही बोलले नाही.

आता गंमत अशी, की दुसऱ्या दिवशी अकराला दीपाची मुलाखत होती. पुण्याची कंपनी, काम घरांचे नकाशे काढायचं आणि तेही घरात बसून. ती त्याचंच शिकलेली, पण मुलगी झाल्यापासून चार वर्षं पोळ्यांचेच नकाशे काढत होती. मुलाखतही कॉम्प्युटरवरच, त्यात समोरचा माणूस सांगेल तसा नकाशा तिथल्या तिथं काढून दाखवायचा होता, म्हणजे मोबाइलवर भागणारं काम नव्हतं. आठवडाभर पोरगी धड जेवली नव्हती.

नऊला तिनं कॉम्प्युटर लावला. पडदा लुकलुकायला लागला. स्टार्टर गेलेली ट्यूबलाइट करते तसा!

"आई, हे काय झालं ओ?" ती वायर हलवून बघत म्हणाली.

खरं सांगायची वेळ तीच होती. पण चोराचाच आवाज सगळ्यात मोठा असतो. मी म्हटलं, "व्होल्टेज! दुसरं काय असणार? पाण्याची वेळ झाली न्हवं, मेल्यांनी मोटारी लावल्या असतील."

आणि चप्पल घालून बाहेर पडले. आमच्याकडं नऊ ते दहा पाणी येतं आणि त्या तासाभरात अख्खी गल्ली मोटारी लावून ते ओढून घेते. मी एकेक दार वाजवलं. "मोटार बंद करा! दीपाची मुलाखत हाय!"

माझ्यासाठी कुणी पंखासुद्धा बंद केला नसता. पण दीपाचं नाव ऐकून पाचही घरांनी मुकाट्यानं मोटारी बंद केल्या. समोरच्या किराणा दुकानवाल्या अक्कांनी तर मिक्सरही थांबवला, अर्ध्या चटणीत. घरी येऊन बघते तर पडदा लुकलुकतोच आहे.

मग मी फ्रीज बंद केला, देवघरातला दिवा बंद केला (विजेचा). तरी फरक नाही. शेवटी मीठ-मिरच्या घेतल्या आणि मॉनिटरची दृष्ट काढली. मिरच्या तव्यावर टाकल्या मात्र, घरभर ठसका! पडदा होता तसाच, वर दीपाचे डोळे लालबुंद. मुलाखतीच्या आधीच रडून आल्यासारखी दिसायला लागली.

"आई, पाया पडते, तुम्ही जरा बाहेर बसा," ती म्हणाली आणि दुरुस्तीवाल्याला फोन केला.

बशीरभाई दहाला आले. शांत माणूस. खोकत खोकत आत आले, तरी विचारलं नाही की काय जळलं.

"पावणं, चा घेणार?" मी म्हटलं.

"आधी बघू तर, मावशी."

त्यांनी वायर बदलली. लुकलुक. गाडीवरून दुकानात जाऊन दुसरा मॉनिटर आणला. तोही लुकलुक! मग त्यांनी कसलीशी यादीची खिडकी उघडली आणि म्हणाले, "ताई, ही खिडकीबी लुकलुकती. म्हंजे पडदा बरा हाय, आतला ड्रायव्हर बिघडलाय." पडद्यावर चित्र कसं उमटवायचं हे कॉम्प्युटरला सांगणाऱ्या प्रोग्रामला तसं म्हणतात, हे त्यांनीच समजावलं. "काल कुणी बटण दाबून नवा ड्रायव्हर घेतला असंल तर जुना परत आणतो. दहा मिनटाचं काम. तसं नसंल तर मात्र मशीन दुकानात न्यावी लागंल. संध्याकाळ हुईल."

घड्याळात दहा चाळीस झाले होते.

"कुणी हातच लावला नाही हो त्याला," दीपा म्हणाली. आणि खुर्चीवर बसली ती अशी, की मला बघवेना. मी रडणाऱ्या माणसांना फार दाद देत नाही. पण ती रडतही नव्हती. मुलाखतीसाठी नेसलेल्या साडीच्या निऱ्या नुसत्या हातानं सारख्या करत होती.

"मी दाबलं," मी म्हटलं.

"काय?"

"निळं बटण. काल."

"कशाला?"

"पैलवानाचे पाय दिसत न्हवते."

नेमक्या तेव्हाच अक्का रिकामी बादली घेऊन दारात उभ्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"म्हंजे आमच्या मोटारी फुकट बंद केल्यास व्हय गं? पाणी गेलं की! सासू हाईस का वायरमन?"

त्यात आमचं घर उताराला. आमची टाकी मोटारीशिवाय काठोकाठ भरली होती. हेही अक्कांच्या तेव्हाच लक्षात आलं. "आणि तुझी बघ, कशी वाहत्या!"

आत बशीरभाईंनी मशीन बंद करून चालू केली, कुठं कुठं दाबलं. पडदा काळा झाला. मग चित्र आलं आणि तसंच राहिलं, पाटावर बसवलेल्या देवासारखं हललंच नाही. दहा पंचावन्न! दीपा माझ्याकडं बघून एवढंच म्हणाली, "आई, दार ओढून घ्या."

एक शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

मी अंगणात येऊन टाकीची तोटी सोडली आणि पाच घरांच्या बादल्या भरायला घेतल्या. खिडकी उघडीच होती. मुलाखत अर्धी इंग्रजीत चालली होती. मधेच मुलाखत घेणारा साहेब मराठीत म्हणाला, "घरून काम करताना अचानक अडचणी येतात, माणसं मधे येतात. तुम्ही काय कराल?"

दीपा म्हणाली, "सर, सकाळपासून तेच करतेय," आणि तिनं सगळं सांगितलं! पैलवान, मोटारी, मिरच्या, सगळं. निम्मं इंग्रजीत. मी चौथी शिकलेली असले, तरी आपली अब्रू जाताना माणसाला कुठलीही भाषा कळते. साहेब हसत होता. अक्का बादली खाली ठेवून हसत होत्या. मी पाणी भरत होते.

पंधरा दिवसांनी तिला नोकरीचं पत्र आलं. आता गल्लीत कुणी विचारलं, सुनेला एवढी चांगली नोकरी कशी काय लागली, तर मी मान ताठ करून सांगते, "अनुभवावर!"

कसला अनुभव, ते अक्का सांगतात.