अण्णा कांबळे, सेंटर फॉरवर्ड

गिरणीतले किस्से म्हणजे कापसाचा तूस. कितीही झटका, अंगावर साचतोच! आमच्या हॉकी टीमचे तर विचारूच नका. मी सांगायला बसलो की दोस्त हसतात आणि माझंच तोंड उतरतं. तरी सांगतो, काय करणार!

* * *

संयुक्त महाराष्ट्राची धामधूम चालू होती. सीझन तोंडावर, आणि आमचे दोन्ही तरणे फॉरवर्ड दुसऱ्या गिरणीनं पळवले. कॅप्टन परबदादा काळाचौकीहून अण्णा कांबळेला घेऊन आले. चाळिशी उलटलेली. एके काळचा नामी सेंटर फॉरवर्ड, पण गिरणीत अजून बदली कामगार. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं; कोणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर चला घरी!

लेबर ऑफिसर म्हणाले, "परब, हा म्हातारा फॉरवर्ड?"

"पळणारे गेले साहेब. आता पोचणारा घ्या!"

साहेब हसले. "पहिला राउंड जिंका, याला परमनंट करतो. हरलात तर टीम बंद, आणि हा गेटबाहेर!"

* * *

पहिलीच प्रॅक्टिस. अण्णा बॉल घेऊन निघाला, एवढ्यात गिरणीचा भोंगा झाला. पठ्ठ्यानं स्टिक टाकली आणि थेट गेटकडे धूम! इतक्या वर्षांची सवय, भोंग्याला गेटवर नसलास तर काम दुसऱ्याला.

परबदादा ओरडले, "अरे मेल्या, बॉलमागे पळ ना असा!"

आम्ही पोट धरून हसलो. परत आला तेव्हा अण्णा धापा टाकत होता, तो काही हसला नाही.

* * *

एकदा त्याच्या खोलीवर गेलो. वहिनी त्याच्या गुडघ्याला हळद लावत होत्या. परबदादांना म्हणाल्या, "भाऊजी, यांना बेतानं पळवा हो. परमनंट झाल्यावर दिवसभर गिरणीत साच्यावर, मागापाशी उभं राहायला गुडघे नकोत का?"

दादांनी चहा तसाच ठेवला.

* * *

मोर्च्यांच्या दिवसांत हातात स्टिक घेऊन रस्त्यानं जायची चोरी! चिंचपोकळीला हवालदारानं अडवलं.

"दांडकी कशाला रे?"

"हॉकी खेळतो साहेब."

हवालदारानं अण्णाच्या पिकल्या केसांकडे बघितलं. "हे बाबा पण?"

"यांच्यावरच तर टीम आहे!" मी म्हटलं.

"मग देव तारो तुम्हाला," म्हणाला, आणि सोडलं!

* * *

आणि ती मॅच. आदल्या दिवशी शहरात गोळीबार झालेला. मॅच रद्द असेल वाटलं, पण कोणी कळवलं नाही, म्हणून गेलो. मैदान सुनं. समोरची टीम नाही. शेवटी त्यांचा एक माणूस सायकलवर आला. "आमचा गोलकीपर काल गोळी लागून गेला. सगळे मयतीला गेलेत," एवढंच बोलला आणि परत फिरला.

अंपायरनं घड्याळ बघितलं. "ते वेळेत आले नाहीत. रिकाम्या गोलात एक बॉल टाका, राउंड तुमचा."

परबदादा म्हणाले, "अण्णा, जा रे. परमनंट झालास तू."

अण्णा बॉल घेऊन निघाला. हळूहळू गोलच्या तोंडाशी पोचला, आणि थांबला. अंपायरनं शिट्टी मारली. पुन्हा मारली.

"कांबळे, मार ना! कोणाची वाट बघतोस?"

अण्णानं बॉलवर स्टिक टेकवली.

"त्यांचा गोलकीपर येऊ दे," तो म्हणाला.