पट्टीबाईंच्या सहीची वही

माझी धाकटी जाऊ डूख धरण्यात वस्ताद आहे. तिच्या लग्नात मी तिच्या साडीच्या रंगाला नाक मुरडलं होतं; त्याचं उट्टं तिने बारा वर्षांनी, माझ्या नव्या पडद्यांवरून, भर पाहुण्यांत काढलं. म्हणून अडतिसाव्या वर्षी तिने शिक्षक सहायकाच्या प्रशिक्षणात नाव घातलं, तेव्हा मला वाटलं, ही नक्की कुणाच्या तरी मागावर आहे.

तसं काही नव्हतं. मुलं मोठी झाली होती आणि घरात बसून ती कंटाळली होती, इतकंच. पण सरावासाठी तिला तिसरीचा वर्ग मिळाला आणि त्या वर्गावर निघाल्या पट्टीबाई.

पट्टीबाई तिलाही शिकवायला होत्या. आठ वर्षांची असताना पाढा चुकला म्हणून त्यांनी तिला कपाटाशेजारी, भिंतीकडे तोंड करून उभं केलं. तिने दोनदा बाहेर जाऊ का म्हणून विचारलं. बाई नाही म्हणाल्या. शेवटी फरशी ओली झाली, तेव्हा बाईंनी सगळ्या वर्गाला मागे वळून बघायला लावलं. "बघा रे, दगडाला पाझर फुटला!" शाळा सुटेपर्यंतच नव्हे, शाळा संपेपर्यंत ती 'दगड' होती.

आता बाईंनी तिला ओळखलं नाही. आडनाव बदललेलं, डोळ्यांवर चष्मा. "मागच्या बाकावर बसा आणि मध्ये मध्ये करू नका," एवढंच म्हणाल्या.

त्या दिवशी घरी येऊन चपला काढायच्या आधी ती मला म्हणाली, "वहिनी, सापडली! दीड महिन्याने निवृत्त होतेय. मोठा सत्कार आहे म्हणे. होऊ देते का बघा."

हत्यार तिला प्रशिक्षणातूनच मिळालं. सहायकाने मुलांच्या पेन्सिलींना टोक करायचं, त्यांना बाहेर नेऊन आणायचं, मागे पडणाऱ्याजवळ बसायचं. आणि शिवाय रोज निरीक्षणाची वही लिहायची. डावीकडे वेळ, उजवीकडे घडलं ते. डोळ्यांनी दिसलं आणि कानांनी ऐकलं तेवढंच. 'रागीट', 'दुष्ट' असा एक शब्द आला की वही परत. पानाखाली वर्गशिक्षिकेची सही.

जावेने त्या वहीत स्वतःचं असं एक अक्षर घातलं नाही. "१०:४०. एका मुलीचा सातचा पाढा चुकला. बाईंनी तिला कपाटाशेजारी भिंतीकडे तोंड करून उभं केलं. ११:१५. मुलीने बाहेर जायला विचारलं. बाई 'नाही' म्हणाल्या. १२:०५. मुलगी उभी आहे." पट्टीबाई चहाचा घोट घेत, न वाचता, खाली झोकदार सही ठोकत.

"अगं, रोज तीच मुलगी?" मी विचारलं.

"दोन वेण्यांवाली. फार चुकते," ती म्हणाली आणि खुदकन हसली. मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण खोटं कशाला बोलू, मलाही चटक लागली होती. ती दारात दिसली की मी कणीक मळता मळता विचारायची, "आज काय?"

सव्वीस पानं भरली. सत्काराच्या आदल्या आठवड्यात वही मुख्याध्यापिकांच्या टेबलावर गेली. पट्टीबाईंना बोलावणं गेलं. त्या कडाडल्या, "हे सगळं खोटं आहे!"

"खाली सही तुमचीच आहे ना?" मुख्याध्यापिका म्हणाल्या. "सव्वीस वेळा?"

बाईंचा वर्ग त्याच दिवशी काढून घेतला आणि सत्कार रद्द झाला. दारातून बाहेर पडताना जावेने त्यांना अडवलं. "बाई, मी दगड. ओळखलंत?"

बाई कपाळाला आठी घालून बघत राहिल्या. "कोण दगड?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं. त्याने जावेचं काही अडलं नाही. त्या संध्याकाळी तिने आइस्क्रीम आणलं आणि पट्टीबाईंचा चेहरा कसा पडला, ते तिने मला तीनदा करून दाखवलं. आम्ही पोट धरून हसलो.

दुसऱ्या दिवशी सरावाचा शेवटचा दिवस होता. मधल्या सुट्टीत ती मुद्दाम त्या दोन वेण्यांवालीजवळ जाऊन बसली. "आता तुला कुणी उभं करणार नाही हं. मी सगळं वहीत लिहिलं होतं."

"मला माहितीये," ती पोरगी म्हणाली. "मी हळूच मागे बघायचे ना, तेव्हा तुम्ही लिहीतच असायच्या." मग डब्याचं झाकण लावत तिने विचारलं, "पण मग मला बाहेर का नाही नेलंत?"

एवढं सांगून जाऊ ओट्यापाशी उभी राहिली, माझ्याकडे पाठ करून. पोरीला तिने काय उत्तर दिलं, ते मी विचारलं नाही. महिनाभर रोज 'आज काय?' विचारत होते, ती मी.