चाकाखालची फळी

आज फ्रीजरमधला मासळीचा डबा बर्फाला घट्ट चिकटला होता. सुरीच्या टोकानं तो सोडवताना थंडगार, खारट वास आला आणि सौदीतल्या यान्बू बंदरावरचं, तरुणपणी मी काम करायचो ते कोल्ड स्टोअर आठवलं.

तिथे मासळीची हातगाडी रात्रभर आतच उभी असे. तिची ओली चाकं लादीवरच्या बर्फात गोठू नयेत म्हणून रत्नागिरीकडचे आमचे हसनमामू रोज संध्याकाळी ती दोन लाकडी फळ्यांवर चढवत. गावी किनाऱ्यावर होडी ओंडक्यांवर ठेवतात, तशी. सकाळी हातोडीच्या एका ठोक्यानं फळी सुटायची.

एकदा ते काम माझ्याकडे आलं. दिवसभर पेट्या उचलून कंबर गेली होती. एका दिवसानं काय होतंय, म्हणून मी गाडी तशीच सोडून आलो.

सकाळी गाडी जागची हलेना. बाहेर ट्रक उभा, ड्रायव्हर 'यल्ला, यल्ला' करत घाई करतोय, आणि साठीला आलेले मामू गुडघे टेकून चहाच्या किटलीतलं गरम पाणी चाकांवर ओततायत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"काल फार थकलो होतो, मामू," मी म्हणालो.

"मीपण थकतो रे. म्हणून तर फळी घालतो."

तेव्हा मला तो टोमणा वाटला होता. आता मी त्यांच्या वयाला आलोय. रियाधच्या या घरात डबा परत आत ठेवताना मी त्याच्याखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला.

"पप्पा, ये किसलिए?" मुलीनं विचारलं.

"थकलोय, म्हणून," मी म्हणालो.