धाहरानची स्कॉट्स मेजवानी आणि बशीरभाईंची फोरमनकी

आखाती युद्ध काही होत नाही, असं मला छातीठोकपणे सांगणारा खजुराचा व्यापारी स्वतः मुंबईतच थांबला. माहितीपत्रक लिहायला सौदीतल्या हुफूफला धाडलं ते मला.

हुफूफला जरूर जा. बागांमध्ये गार सावली आहे, बाजारात खजूर चाखायला फुकट मिळतो. तिथून दम्मामला रेल्वे जाते. खिडकीसाठी भांडू नका, बाहेर वाळू आणि वाळूच. मी गाडीत बसलो तोवर युद्ध सुरू होऊन विमानं बंद झाली होती. म्हणून धाहरानजवळच्या कामगार कॅम्पात, आमच्या दापोलीच्या बशीरभाईंकडे मुक्काम ठोकला. जेवायला सुरमई-भात, उशाशी गॅसचा मुखवटा.

बशीरभाई पाइप-फिटर. इंग्रजी शिकले ते स्कॉटिश फोरमन ॲलेककडून. त्यामुळे त्यांची अख्खी टोळी ‘येस’ला ‘आय’ आणि ‘लिटल’ला ‘वी’ म्हणायची. कोकणातली माणसं स्कॉटलंडची अस्सल स्कॉट्स बोली बोलत होती आणि आपण इंग्रजी फाडतोय अशा समजात होती!

ॲलेक निवृत्त होऊन चालला होता. त्याची जागा मिळाली, तर बशीरभाईंना हमीदाभाभींना इकडे आणता येणार होतं. लग्न झाल्यापासून संसार सुट्टीपुरताच. मुलाखत झाली होती. मॅनेजरही स्कॉटिशच, पण साहेबी शाळेत शिकलेला. म्हणाला, “आधी नीट इंग्रजी शिका. निकाल कळवतो.”

त्याच आठवड्यात स्कॉट मंडळींची वार्षिक मेजवानी होती. एरवी रात्री असते, सायरनच्या भीतीने दुपारीच उरकली. ॲलेक आम्हा दोघांना घेऊन गेला. मॅनेजर चौकड्यांचा घागरा नेसून आलेला. बॅगपाइपच्या गजरात ताट आलं. ताटात मेंढीच्या पोटात काळीज-बिळीज भरून उकडलेलं पुडिंग.

“ही तर आपली वजडी,” बशीरभाई कुजबुजले. “हिची वरात कशाला?”

प्रथाच तशी. पुडिंगला उद्देशून स्कॉट्समध्ये कविता म्हणायची आणि मग त्याच्या पोटात सुरी खुपसायची. मॅनेजरने आधी भाषण ठोकलं. ही राजदरबाराची भाषा, थोर कवींची भाषा, ती जगलीच पाहिजे!

ॲलेक पुटपुटला, “शाळेत हीच बोललो म्हणून हातावर चामड्याचा पट्टा खाल्ला.”

मग मॅनेजरने कागदात बघून, अडखळत कविता वाचली. टाळ्यांचा कडकडाट.

बशीरभाई उठले, थेट त्याच्यासमोर उभे राहिले आणि ॲलेकच्याच बोलीत म्हणाले, “साहेब, तुम्ही पुडिंगशी बोललात, तसाच मी मुलाखतीत तुमच्याशी बोललो होतो. पुडिंग पास आणि मी नापास?”

मॅनेजर हरखलाच. त्याने चार जणांना बोलावून बशीरभाईंना ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं, त्यांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला, पुडिंगचा मोठा वाटा वाढला.

“झालं काम, भाऊ,” परतताना बशीरभाई म्हणाले. मलाही तसंच वाटलं.

हल्ली पर्यटक व्हिसा सहज मिळतो. हिवाळ्यात जा, हवा छान असते. मी मात्र विमानं सुरू झाल्या झाल्या पळालो. बशीरभाईंनी दिलेला खजूर पोचवायला दापोलीला गेलो, तर भाभींनी डबा न उघडताच विचारलं, “त्या जागेचं काय झालं?”

मेजवानीची सगळी हकिगत सांगितली. जागा दुसऱ्याला गेली, हेही सांगितलं.

“पण साहेबाला यांची भाषा आवडली म्हणता ना?”

“खूप. खांद्यावर हात टाकून फोटो काढला.”

“मग ‘नाही’सुद्धा त्याच भाषेत म्हणाला का?”

“नाही भाभी. ते चोख इंग्रजीत टाइप करून आलं.”