आबांच्या गळाचं साल

चोपड्याच्या खाली तापीत आज जे मासे बाळसं धरून हिंडतायत, त्यांना लहानाचं मोठं माझ्या सासऱ्यांनी केलं आहे. ही अतिशयोक्ती वाटत असेल तर आमच्या सासुरवाडीच्या गावात कुणालाही विचारा. माणसं मासे धरण्यासाठी गळ टाकतात. आमच्या आबांनी एक अख्खं साल, उन्हापावसाथंडीत, एक दिवस न चुकवता गळ टाकला आणि त्या सालात माशांना दोन वेळचं जेवण घातलं.

आबा म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. अंगात पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि कुठल्याही प्रश्नाचं उत्तर ठाऊक नसलं तरी ते देण्याची चाळीस वर्षांची सवय. घर माळकऱ्यांचं. आमच्या सासूबाई, म्हणजे अक्का, गावच्या भजनी मंडळाच्या पुढारी. त्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात दबकत येतो, तिथे मासा हा शब्द काढणं म्हणजे देवघरात चपला घालून जाणं. आबा स्वतः माळ घालत नसत, पण आयुष्यात त्यांनी मासा चाखलेला नव्हता आणि चाखायची इच्छाही नव्हती. त्यांना फक्त तो पकडायचा होता. लहानपणी नदीवर भोयांच्या पोरांबरोबर काठी धरून बसले म्हणून वडलांनी कानशिलात लगावली होती. ती चपराक त्यांनी साठ वर्षं जपून ठेवली आणि निवृत्तीनंतर बारा वर्षांनी, सत्तरीत, जळगावहून फायबरची घडीची काठी घेऊन आले.

पहिले काही महिने ती काठी गुरांच्या गोठ्यात कडब्यामागे लपवलेली असे. मग एका आखाजीला बोभाटा झाला. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आमच्याकडचा मोठा सण. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि शेतावरचे सालदार जुनं साल संपवून नव्याची बोली करतात. त्या दिवशी कडबा उपसताना काठी अक्कांच्या हातात आली. चार लेकीसुनांसमोर त्यांनी ती अंगणात आणून ठेवली. आबांनी घसा खाकरला. मी जावई म्हणून पाटावर बसलो होतो, त्यामुळे पुढचा करार माझ्या साक्षीनेच झाला.

"आखाजीपाईन आखाजीलगून," आबा म्हणाले, म्हणजे या आखाजीपासून पुढच्या आखाजीपर्यंत. "सालदारनी बोली. एक मासा लागना, ते काठी मनी. नही लागना, ते काठी मोडी टाकसू आनि माळ घालसू."

अक्कांनी विचार केला. नवऱ्याच्या गळ्यात माळ पाहावी म्हणून त्या लग्नापासून वाट पाहत होत्या. त्यांनी आपल्या तीन अटी घातल्या. "घरमा मासा आनाना नही. गळले जिवडा लावाना नही. आनि लागना, ते तठेच सोडी देवाना."

दुसऱ्या अटीने गांडूळ बाद झालं आणि प्रश्न उरला पिठाच्या गोळ्यांचा. इथे आबांनी जी चूक केली ती आमच्या मुलखातला माणूसच करू जाणे. त्यांनी पीठ निवडलं दादरीचं. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी. आबांच्या मते पृथ्वीतलावर दादरीच्या भाकरीहून उत्तम अन्न नाही, गहू हे परवा आलेलं शहरी धान्य, आणि जे माणसाला रुचतं ते माशाला न रुचायला मासा काय जळगावचा आहे? (हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं; मी जळगावचा.) आता दादरीच्या पिठाला चिकटा नसतो हे भाकरी थापणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. उकळतं पाणी घालून मळलं तरी तो गोळा पाण्यात पडला की पाच मिनिटांत विरघळतो. मासे आले की खाली पडलेलं पीठ सावकाश खात आणि वर रिकामा गळ पाण्यात चमकत राही.

हे गोळे रोज पहाटे मळत कोण होत्या? अक्का. अंघोळ करून, तोंडाने हरिपाठ म्हणत. त्यांना सगळं कळत होतं. तरी त्या दादरच मळत राहिल्या.

मला हे ज्येष्ठात नदीवर गेलो तेव्हा कळलं. आबांच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर नाना भोई आपली डोंगी, म्हणजे लहान होडी, लावून बसत. पन्नाशीचे, तोंडात कायम तंबाखूचा बार. आबांच्या पिठाच्या वासाने मासे गोळा होतात हे हेरून नानांनी आपलं जाळं थोडं खाली सरकवलं होतं आणि त्यांचं बरं चाललं होतं. "नाना, तुम्ही आबांना सांगत का नाही?" मी विचारलं. नाना शरमले. "मास्तरले कोन शिकाडी, पाव्हना? त्यास्नी माले पाटीवर नाव लिव्हाले शिकाडं. त्यास्ले मी पीठ शिकाडू?" मग मी सांगायला हवं होतं. पण जावयाने सासऱ्याला शहाणपण शिकवणं आमच्यात बसत नाही, आणि वर बायकोने दम दिला होता, "आईच्या मनात माळ आहे. तुम्ही मध्ये तोंड घालू नका." तेव्हा अख्ख्या गावाने, नदीने आणि जावयाने मिळून मौन धरलं.

आबांना मात्र मासा न लागण्याची कारणं कधी कमी पडली नाहीत. सिद्धान्त सांगताना ते अहिराणी सोडून शुद्ध पुस्तकी मराठीत शिरत. उन्हाळ्यात "जलाच्या पृष्ठभागाचे तापमान वाढल्याने मत्स्य तळाशी विश्रांती घेतात." म्हणून ते डोक्याला ओला पंचा बांधून, काळी छत्री खांद्यावर टेकवून, माशांची झोप मोडायची वाट पाहत दुपारभर बसत. एकदा काठी अशी वाकली की आबा "लागना! लागना!" करत उभेच राहिले. गळ एका म्हशीच्या शेपटाच्या गोंड्यात अडकला होता. म्हैस आबांना घेऊन वीस पावलं गेली. आबांनी काठी सोडली नाही, चप्पल सोडली. म्हशीच्या मालकाने वर येऊन "मास्तर, जरा हात हालका ठेवा," एवढंच म्हटलं, कारण तोही त्यांचाच विद्यार्थी.

पावसाळ्यात नदी गढूळली, तेव्हा "दृष्टी नसल्याने मत्स्य भक्ष्य ओळखू शकत नाहीत" हा सिद्धान्त आला. श्रावणात नाना भोयांनीसुद्धा जाळं गुंडाळून ठेवलं. आबा एकटे काठावर. "मी खातच नाही, तर मला श्रावण कसला?" हा त्यांचा युक्तिवाद बिनतोड होता. तो तुटला कानबाईच्या, म्हणजे आमच्याकडच्या श्रावणातल्या देवीच्या, विसर्जनाला. वाजतगाजत बायकांची मिरवणूक नदीवर उतरली, सगळ्यांत पुढे अक्का, डोक्यावर कानबाई. आणि समोर गुडघाभर चिखलात हेडमास्तर. आबांनी काठी चटकन पाठीमागे लपवली, पण काठी दहा फुटांची, ती डोक्यावरून तीन हात वर दिसत होती. टोकाला गोळाही लोंबत होता. तसेच ते हात मागे बांधून, मान खाली घालून, विसर्जन होईपर्यंत उभे राहिले. चाळीस वर्षं ज्या ज्या पोरांना त्यांनी असं उभं केलं असेल त्या सगळ्यांचा सूड त्या दिवशी कानबाईने उगवला. घरी आल्यावर अक्का फक्त म्हणाल्या, "कानबाईनी देखं तुमले. तिनी काय ते समजी लिधं."

हिवाळ्यात मी एकदा मुद्दाम त्यांच्याबरोबर जाऊन बसलो. मळ्यात वांग्याच्या भरताची पार्टी होती, काडीकचऱ्यावर वांगी भाजल्याचा वास नदीपर्यंत येत होता आणि आम्ही दोघं माकडटोप्या घालून पाण्याकडे बघत होतो. "थंडीने माशांची दातखीळ बसते," आबा म्हणाले, पण पुस्तकी मराठी त्या दिवशी नीट लागत नव्हती. एवढ्यात एक बाई मुलीच्या स्कॉलरशिपचा फॉर्म घेऊन आली. आबांनी काठी गुडघ्यात धरून तो भरून दिला. मग एक म्हातारा सातबाऱ्यावरचं नाव वाचून घ्यायला आला. नंतर दोन भाऊ बांधाचं भांडण घेऊन आले नि समजूत काढून गेले. हे रोजचं होतं म्हणे. मास्तर नदीवर सापडतात हे गावाला ठाऊक झालं होतं. मी सहज म्हटलं, "आबा, हे तर घरी ओट्यावर बसूनही होईल."

आबांनी गळ वर ओढून नवा गोळा लावला. मग म्हणाले, "घरमा माले कोन काय इचारस? केळीले पानी कव्हय सोडानं, ते पोऱ्या मोबाईलवर देखस. ओट्यावर बसना ते मी म्हतारा. आठे बसना ते मी कोनीतरी शे." आणि पुन्हा काठी सावरून बसले.

तेव्हा मला या सालदारकीचं खरं स्वरूप कळलं. माणूस माशासाठी बसलाच नव्हता. साल रिकामं गेलं तर काठी जाणार, आणि काठीबरोबर ही जागाही जाणार, कारण हेडमास्तरला नदीवर नुसतं बसायला काही सबब लागते. मी घरी येऊन हे बायकोला सांगितलं आणि बायकोने, माझी खात्री आहे, ते आईला सांगितलं.

फाल्गुनानंतर नदी आटली. डोह तेवढे राहिले. त्यांत मासे दाटीवाटीने, दिसण्याइतके. आता लागायला हवाच होता. नाही लागला. चैत्रात आबांनी सिद्धान्त सांगणं बंद केलं. हे फार वाईट लक्षण होतं. जेवताना अर्धी भाकरी ताटात राहू लागली. पन्नास वर्षांच्या संसारात आबांनी भाकरी टाकलेली अक्कांनी पाहिली नव्हती. त्या ताट उचलत, भाकरी बघत, आणि आत जात.

आखाजीच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे गावी होतो. पहाटे मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो तर अक्का परातीत पीठ मळत होत्या. रोजचं पीठ करडं असे. हे पिवळसर होतं, आणि ओढलं की तारेसारखं ताणत होतं. बाजूला गुळाचा खडा आणि तुपाची वाटी. हरिपाठ बंद होता. त्यांनी मान वर करून मला पाहिलं. "पाव्हना, तुम्ही काय देखं नही, बरं का." मी मान डोलावली. गळ्यातली तुळशीची माळ त्यांनी पाठीवर टाकली होती, पिठाला लागू नये म्हणून, की तिने पाहू नये म्हणून, मला सांगता येणार नाही. डबा भरून त्यांनी नेहमीसारखा आबांच्या हातात दिला. मीही आबांबरोबर नदीवर गेलो.

उन्हं वर यायच्या आत काठी वाकली. आजूबाजूला म्हैस नव्हती. "मास्तर, ढील द्या! ढील!" नाना डोंगीतून ओरडत पाण्यात उतरले. आबांनी आयुष्यात कुणाला ढील दिलेली नव्हती, पण त्या दिवशी दिली. दहा मिनिटांनी हातभर लांबीचा रोहू काठावर आला. नानांनी गळ काढून दिला. आबांनी तो मासा दोन्ही हातांवर घेतला, नवजात मूल घेतात तसा, मानेला आधार देऊन. त्यांनी बोलायला तोंड उघडलं. मला वाटलं आता सिद्धान्त येणार. पण त्यांची नजर डब्याकडे गेली. मासा एका हाताने छातीशी धरून त्यांनी एक गोळा उचलला, बोटांत दाबला, ओढला. तो ताणला गेला, तुटला नाही.

"गहू शे," आबा म्हणाले.

नाना दुसरीकडे बघू लागले. मीही बघितलं. हेडमास्तर होते ते, गणित सुटायला त्यांना वेळ लागला नाही. सालभराचंही सुटलं आणि आजचंही. ते पाण्यात उतरले, मासा सोडून दिला, आणि तो दिसेनासा झाल्यावरही कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले.

घरी अक्का दारातच होत्या. "काय व्हयनं?"

"नही लागना," आबा म्हणाले.

एका वाक्यात त्यांनी काठी, नदी, ती जागा, सगळं सोडून दिलं होतं. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय देखं नही म्हणून वचन दिलेला माणूस. मग त्या पुढे झाल्या, आबांचा उजवा हात धरला आणि नाकाशी नेला. माळकरी बाईने, तेही आखाजीच्या तोंडावर.

"माशाना वास येस."

"नानानी डोंगी मी धरी व्हती."

अक्कांनी हात सोडला नाही. "खोटं बोलनारा मानूसले माळ घालता येत नही," त्या म्हणाल्या. "जवलगून खरं बोलता येत नही, तवलगून बसा नदीवर." आणि अंघोळीचं पाणी काढायला आत गेल्या.

संध्याकाळी पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या. मी आबांशेजारी जाऊन बसलो आणि सालभरात पहिल्यांदा जावईपणा विसरून विचारलं, "खोटं का बोललात? जिंकला होता की." आबांनी चष्मा पुसला. "माले ते मासा भेटी गया ना, पाव्हना. तिले काय भेटी?"

याला आता तीन वर्षं झाली. आबा अजून नदीवर बसतात. अक्का त्यांना "खरं बोलानं का आज?" असं अधूनमधून विचारतात, आबा "अजून नही," म्हणतात, आणि त्यांच्यासाठी आणलेली माळ देवघरात तशीच आहे. मी जळगावच्या घरी कधी कधी जेवता जेवता बायकोकडे बघतो. तिने माझ्यासाठी काय काय सोडलं असेल, आणि मी ते ओळखलं तरी का, हे विचारायचं रोज मनात येतं. अजून विचारलेलं नाही.